पाचवा रकाना

पांढरकवड्यात कुणालाही 'केळापूर कुठं?' असं विचारलं तर तो जगदंबेच्या देवळाची वाट दाखवतो. तालुक्याचं नाव मात्र केळापूर. तहसील, कोर्ट, बसस्थानक, कापसाचा बाजार सगळं पांढरकवड्यात, आणि सातबाऱ्याच्या डोक्यावर छापलेलं असतं 'तालुका : केळापूर'. परगावचा माणूस गोंधळतो. आम्हाला लहानपणापासून सवय असते की बोलण्यातलं ठिकाण एक आणि कागदातलं दुसरं. नागपूर-हैदराबाद रस्त्याचंही तसंच. तो सातचा चव्वेचाळीस क्रमांकाचा महामार्ग झाला त्याला कितीतरी वर्षं लोटली. माझे बाबा अजून 'सात नंबर'च म्हणतात. तलाठ्याला गाव पटवारी म्हणतं, कारण वऱ्हाडात तो आधीपासून पटवारीच होता. एकावर एक थर साचत जातात आणि खालचा थर कुणी खरवडून काढत नाही.

असे थर वाचायचे कसे, ते मात्र मी तालुक्यात शिकले नाही. ते शिकले पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, व्हर्जन कंट्रोल शिकताना.

व्हर्जन कंट्रोल म्हणजे प्रोग्रामच्या फाइलींत झालेला प्रत्येक बदल कुणी, केव्हा, नेमका कुठं केला हे नोंदवून ठेवणारी व्यवस्था. आज जगभर त्यासाठी बहुतेक ठिकाणी गिट वापरतात. गिटच्या रोजच्या आज्ञा दहा-बारा आहेत आणि त्या हाताला लवकर बसतात. बदल केला की कमिट, वेगळा प्रयोग करायचा तर ब्रँच, तो मुख्य धारेत आणायचा तर मर्ज. खरा वेळ लागतो तो वाचायला. गिटमध्ये ब्लेम नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की फाइलीतल्या प्रत्येक ओळीशेजारी, ती ओळ शेवटची कुणी आणि कोणत्या तारखेला बदलली ते उमटतं. सपाट दिसणारं पान एकदम भरून जातं. ही ओळ आठ वर्षांपूर्वीची, तिच्या खालची परवाची, मधली एक अशा माणसाची जो केव्हाच कंपनी सोडून गेला.

अशीच एक ओळ माझ्या वाट्याला आली होती. कर्जाच्या हप्त्याची तारीख मोजताना एका विशिष्ट प्रकारच्या खात्यासाठी एक दिवस कमी धरलेला. का, ते कळेना. ब्लेमने नाव सांगितलं, तारीख सांगितली. त्या तारखेच्या कमिटने काय होतं आणि काय झालं तेही सांगितलं. बदलासोबत लिहिलेला शेरा होता एका शब्दाचा : 'फिक्स'. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी खांदे उडवले. आमच्या टीममधले ज्येष्ठ सहकारी एवढंच म्हणाले, ''काय बदललं ते यंत्र सांगतं. का बदललं ते माणसानं सांगायचं असतं.'' ती ओळ अजून तिथंच आहे. ती चुकीची आहे असं कुणी म्हणत नाही आणि काढायची कुणाची हिंमतही होत नाही.

मग या व्यवस्थेचा इतिहास चाळताना एक गोष्ट लक्षात आली. कारण विचारण्याची रीत अगदी पहिल्यापासून होती. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉकाइंड यांनी 'सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम' तयार केली, आणि या प्रकारच्या साधनांची वंशावळ तिथून धरतात. त्या साधनात बदल जमा करताना यंत्र थांबून शेरा मागत असे. उत्तर काहीही द्या, पण प्रश्न ठरलेला. पुढे १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांनी 'रिव्हिजन कंट्रोल सिस्टिम' मांडली. त्यात फाइल एकाच्या ताब्यात असेपर्यंत बाकीच्यांनी तिष्ठायचं, अशी शिस्त होती. नंतरच्या साधनांनी ती तिष्ठण्याची अट काढली, तरी इतिहासाचं बाड एकाच मध्यवर्ती संगणकावर राहिलं.

हे बाड फोडलं गिटने. लायनक्सचे प्रोग्रामर २००२ पासून बिटकीपर नावाचं एका खासगी कंपनीचं साधन फुकट वापरत होते. एप्रिल २००५ मध्ये ती सवलत संपली आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच नवं साधन लिहायला घेतलं. काही दिवसांतच ते इतकं उभं राहिलं की गिटचा स्वतःचा इतिहास गिटमध्येच नोंदला जाऊ लागला. त्याच वर्षी जुलैत त्यांनी ते जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवलं. गिटमध्ये प्रत्येकाकडे नुसती ताजी प्रत नसते, पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास असतो. प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून काढलेली चाळीस अक्षरांची खूण मिळते, आणि त्या मजकुरात आधीच्या नोंदीची खूणही धरलेली असते. म्हणून मागच्या एका नोंदीत स्वल्पविराम जरी हलवला तरी तिथून पुढच्या सगळ्या खुणा बदलतात. इतिहास फिरवता येतो, पण चोरून फिरवता येत नाही. ज्यांच्याकडे आधीची प्रत आहे त्यांना ते दिसतं.

आणि सही. मार्च २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला की आमच्या युनिक्समधला मजकूर लायनक्समध्ये गेला आहे. हजारो लोकांनी मिळून लिहिलेल्या प्रोग्रामला कुणीतरी विचारलं, ही ओळ कुणाची, तिचा हक्क कुणाचा? त्यातून धडा घेऊन २००४ मध्ये लायनक्समध्ये असं ठरलं की बदल पाठवणाऱ्याने खाली नावानिशी लिहून द्यायचं, हा मजकूर देण्याचा मला अधिकार आहे. तो पुढे नेणाऱ्यानेही आपली सही जोडायची. लिहिणारा वेगळा, तपासून दाखल करणारा वेगळा, आणि दोघांची नावं कायमची. हे वाचलं तेव्हा मला हेलसिंकी किंवा कॅलिफोर्निया आठवलं नाही. आमच्या गावची चावडी आठवली.

कारण हे सगळं आमच्याकडे फेरफार या नावाने चालतं.

फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा. जमिनीवरच्या हक्कात काहीही बदल झाला, म्हणजे विक्री, वारस, वाटणी, बक्षीस, बँकेचा बोजा, तर तो आधी इथं लिहायचा. नोंद पटवारी लिहितो. तिची नोटीस चावडीत लागते, ज्यांचा संबंध आहे त्यांना कळवलं जातं, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. कुणी हरकत घेतलीच तर ते प्रकरण सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जातं आणि सुनावणीनंतर निकाल होतो. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तेव्हा कुठं सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, आणि नावाशेजारी त्या फेरफाराचा क्रमांक येऊन बसतो. लिहिणारा एक, प्रमाणित करणारा दुसरा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या १४९ आणि १५० या कलमांत ही सगळी रीत बांधून दिलेली आहे.

सातबाऱ्याकडे आपण आजची स्थिती म्हणून पाहतो. पण नावाशेजारचे ते क्रमांक धरून मागं जाता येतं. मी तशी गेले. बाबांना पीककर्जासाठी उतारा हवा होता. डिजिटल सहीचा उतारा मोबाइलवरच निघाला. २०२० पासूनच्या नव्या नमुन्यात शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख छापलेली असते, प्रलंबित फेरफार असेल तर तोही दिसतो, आणि कमी झालेल्या नावांवर आडवी रेघ असते. पूर्वी ती नावं कंसात जायची. रेघ असो की कंस, नाव वाचता येतं, हे महत्त्वाचं. मग जुन्या फेरफारांच्या नकला काढल्या. खाली खाली जाताना भाषा बदलत गेली. महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ ला लागू झाला. त्याआधी विदर्भात मध्य प्रदेशाची १९५४ ची संहिता चालत होती, म्हणून त्या काळच्या कागदांवर 'भूमिस्वामी' आणि 'भूमिधारी' भेटतात. आपलं राज्य बदललं, कायदा बदलला, आणि वावर जिथल्या तिथं.

दोन्ही व्यवस्था सारख्या आहेत असं म्हणून मी मोकळी होणार नाही. मोठा फरक आहे आणि तो शेतकऱ्याला महागात पडलेला आहे. हस्तलिखित सातबारा साधारण दहा वर्षांनी नव्याने लिहिला जायचा. पान भरलेलं, फाटलेलं, खाडाखोड झालेलं असायचं, म्हणून चालू नोंदी नव्या पानावर उतरवायच्या. या पुनर्लेखनात कुठं नाव गळालं, कुठं आणेवारी चुकली, कुठं एखादी अट राहून गेली. अशा बदलाच्या मागे फेरफार नसतो. नाव होतं आणि नाही, मध्ये काहीच नाही. प्रोग्राममध्ये बिघाड नेमका केव्हा शिरला ते शोधायला गिटमध्ये बायसेक्ट आहे. चालत होतं तो दिवस आणि बिघडलेला दिवस धरायचा, मधली नोंद तपासायची, मग उरलेल्या अर्ध्याच्या मधली, असं करत दोषाच्या नोंदीवर येऊन थांबायचं. सातबाऱ्यात हाच शोध शेतकरी तहसिलीच्या अभिलेख कक्षात उभा राहून घेतो, आणि शेवटी हाती येते ती नोंद नव्हे तर दोन नोंदींमधली मोकळी जागा. मग कलम १५५ खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती मागायची. आणि ती मागताना पुराव्याची जुनी प्रत आपल्या ट्रंकेत नसेल तर सरकारी दप्तरावरच भिस्त. गिटने प्रत्येकाच्या हाती पूर्ण इतिहास दिला, ते किती मोठं काम होतं, हे मला पुण्याच्या कार्यालयात कळलं नव्हतं. ते ट्रंकेतल्या जीर्ण नकला पाहताना कळलं.

तरी नोंद ही किती ताकदीची गोष्ट आहे याचं उदाहरण आमच्याच तालुक्याच्या मातीत आहे. केळापूरचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. कोलाम, गोंड, परधान यांची गावं आणि पोड, म्हणजे छोट्या वस्त्या, इथं आहेत. त्यांच्या जमिनी बिगर आदिवासींच्या नावे होत गेल्या, तेव्हा राज्याने आदिवासींना जमिनी परत देण्याबाबत १९७४ चा कायदा केला. त्याने दोन तारखा धरल्या, १ एप्रिल १९५७ आणि ६ जुलै १९७४. या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे गेलेली जमीन, अटी पाळून, परत मिळवता येईल. ६ जुलै १९७४ नंतर तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय असं हस्तांतर करायलाच बंदी. गिटमध्ये रिव्हर्ट करतात तेव्हा जुनी नोंद पुसत नाहीत, तिचा परिणाम उलटवणारी नवी नोंद करतात. झालं ते झालं हेही राहतं, आणि ते चुकीचं होतं म्हणून फिरवलं हेही राहतं. जमीन परत मिळाली तरी फेरफाराच्या वहीत विक्री आहे तशीच आहे. तिच्या पुढे कधीतरी परतीचा आदेश येतो. मला ही पद्धत खोडण्यापेक्षा प्रामाणिक वाटते. अर्थात उलटवायला मुळात नोंद लागते. नुसत्या शब्दावर, धान्याच्या उसनवारीत, अंगठ्याविना गेलेलं वावर तारखांच्या या चौकटीत आणणं किती अवघड गेलं असेल, याची कल्पना करता येते.

आता माझ्या घरची नोंद.

आजोबा गेल्यावर वारसाचा फेरफार झाला. आजी, बाबा आणि आत्या अशी तीन नावं लागली. त्यानंतर दोन वर्षांनी दुसरा फेरफार : नोंदणीकृत हक्कसोडपत्रान्वये आत्याचं नाव कमी. तो वाचताना मी मनातल्या मनात गोष्ट पुरी करून टाकली होती. अशी गोष्ट घरोघरी असते. बहीण सही करते, भाऊ जमीन घेतो, आणि माहेर शाबूत राहतं. त्याला कुणी माया म्हणतं, कुणी अन्याय. आत्याला भेटले तेव्हा मी सरळ विचारलं, सही का केलीस?

''काऊन म्हंजे? सामाईक खातं होतं. दरसाल सोसायटीच्या कर्जाले सगळ्याइच्या सह्या लागे. दोन एष्ट्या बदलून कोन येईन घडीघडी? तुह्या फुवाजीले बी पटे ना. म्या म्हटलं, काढून टाका माहं नाव. पन दरसाल एक कट्टा तुरीची डाळ घरी आली पायजे. तुह्या बापानं हो म्हटलं.''

संक्रांतीनंतर आमच्या घरून आत्याकडे डाळीचा कट्टा जातो, हे मी जन्मापासून पाहत आले. दाल मिलवरून डाळ आली की आई पहिला कट्टा शिवून बाजूला ठेवते. मी त्याला भावाची भेट समजत होते. भेट ती होतीच. पण तो करारही होता. त्याला किंमत होती, मुदत नव्हती, आणि साक्षीदार दोनच, दोघेही करार करणारे. हक्कसोडपत्रात काय लिहिलंय? 'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कोणताही मोबदला न घेता.' हे वाक्य खोटं म्हणता येत नाही आणि खरंही म्हणता येत नाही. ते त्या मसुद्यात आधीपासून छापल्यासारखं असतं. जिला मारून सही घेतली तिच्याही कागदात तेच, जिने बसच्या फेऱ्यांना कंटाळून केली तिच्याही कागदात तेच. प्रोग्रामरच्या 'फिक्स'मध्ये आणि या 'स्वखुशीने'मध्ये मला आता फरक दिसत नाही. दोन्ही ठिकाणी कारणाची जागा भरलेली आहे आणि कारण मात्र नाही.

फेरफाराच्या नमुन्याला चार रकाने असतात. नोंदीचा अनुक्रमांक, संपादन केलेल्या अधिकाराचं स्वरूप, परिणाम झालेले भूमापन आणि उपविभाग क्रमांक, चाचणी अधिकाऱ्याची सही किंवा शेरा. कुणी, केव्हा, काय, कुठं, आणि खात्री कुणी केली, इतकं सगळं त्यात मावतं. का, याला पाचवा रकाना नाही. सरकारची यात चूक काढावी असं नाही. महसूल खात्याला हक्काशी काम, मनाशी नाही. पण रकाना नसला की ज्याच्या हातात लेखणी असते त्याचं कारण टिकतं, आणि बाकीच्यांचं तोंडी राहून दोन पिढ्यांत संपतं. आत्याची अट बाबांना माहीत आहे, आईला माहीत आहे. माझ्या भावाला माहीत नव्हती. उद्या बाबांच्या मागे त्याने कट्टा पाठवणं थांबवलं असतं तर त्याला वाईट भाचा म्हणता आलं नसतं. त्याच्या माहितीत ती एक मोडलेली प्रथा ठरली असती. मी त्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ''मग हे कागदावर का नाही?'' मला त्याचा प्रश्न आवडला.

ज्या वर्षी गिट आलं त्याच वर्षी, ९ सप्टेंबर २००५ पासून, हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळाला. महाराष्ट्राने १९९४ मध्येच तशी तरतूद केली होती, पण आधी लग्न झालेल्या मुली तिच्याबाहेर राहिल्या होत्या. आत्या त्यातलीच. २००५ च्या कायद्याने २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेले व्यवहार हलवले नाहीत. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही. म्हणजे कायद्याने माझं नाव लिहून ठेवलेलं आहे. पुढे कधीतरी तो हक्क ठेवायचा की सोडायचा हे मला ठरवावं लागेल, आणि आत्याला ज्या घाईत ठरवावं लागलं त्या घाईत नाही.

कार्यालयात मी आता कमिटचा शेरा लिहायला बदलाइतकाच वेळ देते. नव्या मुलांना ते चमत्कारिक वाटतं. एका ओळीचा बदल आणि खाली सहा ओळींचा मजकूर : ग्राहकाची तक्रार काय होती, दुसरा कोणता उपाय तपासला, तो का नाकारला, ही अट केव्हा काढून टाकता येईल. शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण केलेली तडजोड किती काळासाठी आहे ते सांगितलं नाही, तर पुढचा माणूस एक तर तिला हात लावायला घाबरतो, नाहीतर न विचारता तोडून टाकतो. हप्त्याच्या तारखेची ती ओळ पहिल्या प्रकारात अडकली आहे. डाळीचा कट्टा दुसऱ्या प्रकारात जाता जाता राहिला.

माझ्या सहीची वेळ आली तर मी ती करीन की नाही, हे आज मलाच ठाऊक नाही. बाबांना याबद्दल बोलायला आवडत नाही, भाऊ म्हणतो बघू. एक गोष्ट मात्र मी दोघांनाही सांगून ठेवली आहे. तसा कागद झालाच तर 'स्वखुशीने'नंतर पूर्णविराम पडणार नाही. कशाच्या बदल्यात, किती काळासाठी आणि कोणत्या अडचणीमुळे, हे त्यात माझ्या शब्दांत लिहिलेलं असेल. आणि नोंदणीच्या टेबलावर कुणी म्हणालं की एवढं लिहायची गरज नसते, तर मी म्हणेन, वाचणाऱ्याला असते.